जुनें वेळापत्रक

माझे वडील स्टेशनमास्तर होते. नोकरीचीं सदतीस वर्षें त्यांनीं दक्षिण महाराष्ट्रांतील एकेरी मार्गावरच्या लहान लहान स्टेशनांत काढलीं आणि निवृत्त झाल्यावर ते मिरजेस घर घेऊन राहिले. तेंहि अशा ठिकाणीं, कीं गच्चीवर उभें राहिलें म्हणजे रूळ दिसावे. मी पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहें, एवढें त्यांना ठाऊक होतें. त्यापलीकडे त्यांनीं कधीं विचारलें नाहीं आणि मींहि कधीं सांगितलें नाहीं. शिकल्यासवरलेल्या मुलांना आपला उद्योग आईबापांना समजणार नाहीं असें वाटत असतें. पण प्रामाणिकपणें पाहिलें तर बहुधा सांगण्याचा कंटाळा हेंच त्याचें खरें कारण असतें. २००६ सालच्या दिवाळींत मात्र अण्णांनीं मला गांठलें. फराळाचें ताट माझ्यापुढें सारून ते म्हणाले, "अरे, तूं दिवसभर करतोस तरी काय?"

"कुलुपें लावतों आणि काढतों," मी म्हणालों.

"चोरांसाठीं?"

"नाहीं अण्णा, घरच्याच माणसांसाठीं."

हें उत्तर मीं थट्टेनें दिलें होतें. पण तें अगदीं खरें होतें. प्रत्येक संगणकाच्या पोटांत एक मूळ कार्यक्रम अखंड चालू असतो. त्यास कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. आपण पत्र लिहितों, गाणें ऐकतों, बँकेंतील शिल्लक पाहतों, तीं कामें करणारे कार्यक्रम निराळे. परंतु स्मृतींतील जागा कोणास द्यावयाची, कोणती फाईल कोठें ठेवली आहे, आतां पाळी कोणाची, हें सारें ठरविणारा तो हा गाभा. त्याच्या स्वतःच्या याद्या असतात, तक्ते असतात, हिशेबाच्या वह्या असतात, आणि त्या सर्व एकाच सामाईक स्मृतींत मांडलेल्या असतात. पूर्वीं घरगुती संगणकांत प्रोसेसर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा कारकून, एकच असे. आतां खिशांतल्या फोनांतहि असे आठ आठ कारकून बसलेले असतात आणि ते सगळे एकाच वेळीं त्याच वह्या उघडतात.

मग घोटाळा कसा होतो तें पाहा. एक फाईल कितीजण वापरीत आहेत याचा आंकडा, समजा, ४१ आहे. पहिल्या कारकुनानें तो वाचला आणि मनांत एक मिळविला. इतक्यांत दुसऱ्यानेंहि तोच ४१ वाचला आणि एक मिळविला. पहिल्यानें ४२ लिहिले. दुसऱ्यानेंहि ४२ लिहिले. दोघेहि आपापल्या परीनें बिनचूक. वहींतला एक माणूस मात्र हरवला. पुढें वापरणारे एकेक करून निघून जातात, आंकडा शून्यावर येतो, आतां कोणी उरलें नाहीं असें समजून गाभा ती जागा दुसऱ्यास देऊन टाकतो, आणि प्रत्यक्षांत तेथें एकजण अजून बसलेला असतो.

"हें तर एकेरी मार्गाचें झालें," अण्णा म्हणाले.

ज्यांनीं तो काळ पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्यें एका वेळीं एकच गाडी असावी, हा रेल्वेचा मूळ धर्म. त्यासाठीं दोन्ही स्टेशनांत लोखंडी यंत्रें असत आणि त्यांत पोलादी गोळे. हीं दोन्ही यंत्रें विजेच्या तारेनें एकमेकांशीं अशीं बांधलेलीं असत, कीं दोहोंपैकीं कोठूनहि एक गोळा बाहेर निघाला कीं तो कोणत्या तरी यंत्रांत परत पडेपर्यंत दुसरा निघूंच नये. तो गोळा हातीं आल्याखेरीज ड्रायव्हरनें गाडी पुढें न्यावयाची नाहीं. न थांबणाऱ्या गाडीसाठीं पॉइंट्समन वेताच्या एका मोठ्या कड्याला लावलेल्या कातडी पिशवींत गोळा घालून फलाटाच्या टोकाशीं उभा राही. धडधडत जाणाऱ्या एंजिनावरून फायरमन वांकून हात घाली, मागच्या टप्प्याचें कडें फलाटावर फेकी आणि पुढचें उचली. मीं हें मशालीच्या उजेडांत कितीदां तरी पाहिलें आहे. मागें फेकलेलें कडें फलाटावर घरंगळत जाई, आणि त्याच्यामागें धांवण्याचा मान स्टेशनमास्तरच्या मुलाचा असे.

"तुमचा गोळा तेंच आमचें कुलूप," मी म्हणालों. "वहीला हात लावण्यापूर्वीं कुलूप घ्यायचें, काम झालें कीं सोडायचें. ज्याला मिळालें नाहीं त्यानें सिग्नलबाहेर उभें राहायचें."

आणि ही नुसती उपमा नव्हे. हॉलंडमधील एड्सगर डाइक्स्ट्रा या गणित्यानें १९६५ सालीं या प्रश्नावर एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. या विद्येंतला प्रत्येक विद्यार्थी अजून त्यापासूनच सुरवात करतो. त्याच डाइक्स्ट्रानें कुलुपाचा जो एक प्रकार बसविला, त्यास त्यानें नांव दिलें सेमाफोर. म्हणजे रेल्वेचा हात वर-खालीं करणारा सिग्नल. हें ऐकून अण्णांची मुद्रा अशी कांहीं फुलली, कीं त्यांनीं स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला ओरडून सांगितलें, "ऐकलेंस का? यांची विद्या आमच्याकडूनच गेलेली आहे!"

पुढची हकीकत त्यांना तितकीशी पसंत पडली नाहीं. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्स नांवाचा गाभा लिहावयास घेतला. पुढें १९९६ सालीं एकाहून अधिक प्रोसेसरांचीं यंत्रें त्यावर चालूं लागलीं, तेव्हां साऱ्या गाभ्याला मिळून एकच मोठें कुलूप लावलेलें होतें. कोणताहि कारकून गाभ्यांत शिरला कीं बाकीच्यांनीं दाराशीं थांबावयाचें.

"म्हणजे मुंबईपासून मद्रासपर्यंत सगळ्या रेल्वेला एकच गोळा?" अण्णा म्हणाले. "मग अपघात होणार नाहीं हें खरें. पण गाड्या तरी कशाला ठेवायच्या?"

हाच आक्षेप पुढच्या लोकांनींहि घेतला आणि त्या एका कुलुपाचीं हळूहळू शेंकडों लहान लहान कुलुपें केलीं. तें काम इतकें नाजूक होतें, कीं मोठ्या कुलुपाचा शेवटचा अवशेष निघावयास २०११ साल उजाडलें. लहान कुलुपांची कटकट निराळी. एकानें पहिलें घेऊन दुसऱ्याची वाट पाहावी, दुसऱ्यानें दुसरें घेऊन पहिल्याची वाट पाहावी, आणि दोघेहि जन्मभर तसेच उभे. यावर उपाय एवढाच, कीं कुलुपें नेहमीं एका ठरलेल्या क्रमानें घ्यावयाचीं. तो क्रम पाळणें म्हणजे काय हें ज्याचें त्यालाच ठाऊक.

परंतु मला अण्णांना सांगावयाचें होतें तें पुढेंच होतें. गाभ्यांतील कित्येक याद्या अशा असतात, कीं त्या वाचणारे हजारों आणि बदलणारा क्वचित् एखादा. बाहेरून आलेला निरोप कोणत्या वाटेनें पाठवावयाचा हें सांगणारा तक्ता क्षणोक्षणीं वाचला जातो, बदलतो मात्र तासा-दोन तासांनीं कधीं तरी. अशा तक्त्याला कुलूप लावावयाचें, तर वाचणाऱ्या प्रत्येकास नुसत्या वाचनासाठीं कुलुपाच्या खुणेवर आपली नोंद करावी लागते. ती खूण एकच, तिच्यावर हात टाकणारे सोळा. मग वाचनाला लागतो त्याहून अधिक वेळ त्या ओढाताणींत जातो. अमेरिकेंत ऑरेगन संस्थानांतील सीक्वेंट या कंपनींत पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनीं या अडचणींतून एक वाट काढली व १९९८ सालीं तीवर निबंध प्रसिद्ध केला. २००२ सालीं ती लिनक्समध्यें आली. तिचें नांव रीड-कॉपी-अपडेट, आणि तिचा पहिला नियम असा, कीं वाचणाऱ्यानें कुलूप घ्यावयाचेंच नाहीं.

"गोळ्यावांचून गाडी?" अण्णा ताठ बसले.

"वाचणाऱ्याचीच. बदलणाऱ्यांना आपसांत कुलूप आहेच. पण बदलणारा मूळ नोंदीला हात लावीत नाहीं. तो तिची नक्कल करतो, ती नक्कल एका बाजूला बसून दुरुस्त करतो, आणि यादींतलें जें बोट जुन्या नोंदीकडे दाखवीत असतें, तें एका झटक्यांत नव्या नोंदीकडे वळवितो. त्याच्या आधीं आला त्याला संपूर्ण जुनी दिसते, नंतर आला त्याला संपूर्ण नवी. अर्धी जुनी अर्धी नवी अशी कोणालाच दिसत नाहीं."

अण्णा थोडा वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "आणि जुनीचें काय करतोस?"

मी सांगणार इतक्यांत तेच पुढें म्हणाले, "नवें वेळापत्रक लागू व्हायचें, त्या रात्रीं बारा वाजतां मी नवें खिळ्याला अडकवीत असें. पण जुनें फाडलें नाहीं कधीं. खालच्या खिळ्याला ठेवायचों. जी गाडी जुन्या वेळेवर निघाली ती अजून वाटेवर आहे. तिचा गार्ड जुन्याच वेळा धरून बसलेला. ती आपल्या हद्दींतून पार झाली, मग जुनें रद्दींत. पॉइंट्समन हंसायचे मला."

मी थक्क झालों. जुन्या नोंदीचें लगेच विसर्जन करावयाचें नाहीं. ज्यांनीं ती आधींच वाचावयास घेतली असेल ते सर्व वाचून उठेपर्यंत थांबावयाचें, हाच या पद्धतीचा आत्मा आहे. या थांबण्याला आमच्या धंद्यांत 'ग्रेस पीरियड' म्हणतात. सवलतीचा काळ म्हणा हवें तर.

"पण शेवटची गाडी गेली हें तुला कसें कळतें?" अण्णांनीं विचारलें. "मला तार येत असे. तुझे वाचणारे तर गोळा घेत नाहींत, नोंद करीत नाहींत."

हा प्रश्न मला त्यापूर्वीं एका मुलाखतींत विचारला होता आणि त्याचें धड उत्तर मला देतां आलें नव्हतें. त्या दिवशीं मीं तें दिलें. वाचणाऱ्यावर एकच बंधन असतें: वाचतां वाचतां त्यानें झोंपी जावयाचें नाहीं, हातचें वाचन पुरें केल्यावांचून दुसऱ्या कामास उठावयाचें नाहीं. तेव्हां एखादा कारकून एक काम सोडून दुसऱ्या कामाकडे वळला असें दिसलें, कीं त्यानें पूर्वीं हातांत घेतलेलें सर्व खालीं ठेवलें असलेंच पाहिजे. म्हणून बोट वळविल्यापासून प्रत्येक कारकून निदान एकदां काम बदलीपर्यंत वाट पाहावयाची. कोण काय वाचीत होतें, हें कोणासहि विचारावयाचें कारण नाहीं.

"समजलें," अण्णा म्हणाले. "सगळीकडच्या ड्यूट्या एकदां बदलल्या कीं झालें."

पुढें मीं कित्येक नवशिक्यांना ही पद्धति शिकविली आहे, आणि 'ड्यूट्या बदलल्या कीं झालें' यापेक्षां चांगलें वाक्य मला अजून सांपडलेलें नाहीं.

हें सगळें मीं मोठ्या ऐटीनें समजावून दिलें, आणि दोन वर्षांच्या आंतच माझ्याच हातून जुनें वेळापत्रक मध्यरात्रीं फाडलें गेलें. त्या वेळीं मी ज्या कंपनींत होतों ती मोठमोठ्या साठवणीच्या यंत्रांसाठीं गाभ्याचा एक भाग तयार करीत असे. त्यांतील एका यादींतली नोंद बदलण्याचें काम मीं लिहिलें. नक्कल केली, दुरुस्त केली, बोट वळविलें. आणि लगेच पुढच्या ओळींत जुन्या नोंदीची जागा मोकळी करून टाकली. सवलतीचा काळ पाळण्याची ओळ मीं लिहिलीच नाहीं. कां लिहिली नाहीं, तें आजहि मला सांगतां येत नाहीं. घाईंत नव्हतों, आजारी नव्हतों. उद्यां लिहीन असें म्हणून उठलों असेन.

आमच्या तपासणीच्या यंत्रांत दोन प्रोसेसर होते; तेथें कांहीं झालें नाहीं. गिऱ्हाइकाच्या यंत्रांत सोळा होते. तेथें तिसऱ्या महिन्यांत एका पहाटे तें बंद पडलें. पुन्हां चालू केलें. वीस दिवसांनीं पुन्हां बंद. कोणी तरी जुनी नोंद वाचीत असतांनाच ती जागा दुसऱ्या कामास दिली गेली होती, आणि वाचणारा भलत्याच मजकुराला आपला समजून चालला होता. अशा चुकीचा शोध फार कठीण. ती ओळ वाचून दिसत नाहीं. प्रत्येक ओळ स्वतंत्र पाहिली तर निर्दोष असते. दोष असतो तो दोन ओळींच्या मधल्या क्षणांत. लिनक्सच्या गाभ्यांतच २००७ सालीं अशी एक फट राहून गेली होती. दोन कामांची वेळ नेमकी जुळली तर नुसतें वाचण्याचा अधिकार असलेल्याला लिहितांहि येई. जगांतल्या उत्तमोत्तम कारागिरांच्या डोळ्यांखालून तो मजकूर गेला असेल; ती फट बुजली २०१६ सालीं.

हें मी समर्थन म्हणून लिहीत नाहीं. माझी चूक शोधावयास नऊ वर्षें लागलीं नाहींत. लागलें तें दुसरेंच.

आमच्यांतील सर्वांत तरुण मुलानें त्याच फाईलमध्यें थोड्या दिवसांपूर्वीं कांहीं बदल केला होता. संशय साहजिकच त्याच्यावर गेला. तो बिचारा रात्र रात्र बसून स्वतःचीच ओळ न् ओळ तपासूं लागला, आणि दोष सांपडत नाहीं म्हणून अधिकच घाबरूं लागला. बैठकींत कोणी त्याला टाकून बोललें नाहीं. फक्त त्याच्याकडे पाहून बोलणें सर्वांनीं सोडलें. एका गुरुवारीं रात्रीं मी घरीं सहज ती फाईल चाळीत होतों, आणि मला माझी ओळ दिसली. पाहतांक्षणींच समजलें. मीं संगणक मिटला आणि स्वतःशीं म्हणालों, आधीं खात्री करून घेऊं. शुक्रवारीं खात्री झाली. मग म्हटलें, दुरुस्ती तयार झाल्यावर सांगूं. दुरुस्ती एका ओळीची होती. ती शनिवारीं तयार झाली. मग म्हटलें, वरिष्ठ परगांवीं आहेत, ते येऊं देत. असे अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत तो मुलगा माझ्या शेजारच्या टेबलाशींच बसत होता.

दहाव्या दिवशीं, रविवारीं, मी मिरजेस गेलों. जेवणें झाल्यावर अण्णांना सगळें सांगितलें. चुकीची हकीकत त्यांना एका वाक्यांत कळली. मी समजूत घालून घेण्यासाठींच गेलों होतों, हेंहि त्यांना कळलें असावें. त्यांनीं एवढेंच विचारलें, "नोंद केलीस?"

"अजून नाहीं."

ते उठून गच्चीवर गेले. तेव्हां आईनें मला एक गोष्ट सांगितली. ती मीं त्यापूर्वीं कधीं ऐकली नव्हती. एका पावसाळ्यांत गोळ्याचें यंत्र बिघडलें असतां अण्णांनीं गाडीला हातानें लिहून कागदी परवाना दिला, आणि त्यावर गाडीचा नंबर चुकला. ड्रायव्हर म्हातारा होता. त्यानें कंदिलाच्या उजेडांत तो वाचला आणि न बोलतां परत केला. अण्णांनीं दुसरा लिहून दिला. गाडी सुखरूप गेली. चूक ठाऊक होती ती त्या दोघांनाच. ड्रायव्हर बोलणार नव्हता, हें अण्णांना पक्कें ठाऊक होतें. तरी गाडीचा मागचा दिवा दिसेनासा होण्यापूर्वींच त्यांनीं डायरी उघडून तें लिहून काढलें. "एक वर्ष पगारवाढ बंद झाली," आई म्हणाली. "त्या दिवाळींत तुम्हां मुलांना कपडे झाले नाहींत. तूं हट्ट धरून रडलास. तुला आठवत नसेल."

मला आठवत होतें. कारण ठाऊक नव्हतें.

सोमवारीं सकाळीं मीं वरिष्ठांना सांगितलें, आणि मग सर्वांसमक्ष त्या मुलाला. तो रागावेल असें मला वाटलें होतें, आणि तो रागावला असता तर तें मला सोपेंहि गेलें असतें. तो म्हणाला, "सर, ती ओळ मीं तीन वेळां वाचली होती. पण ती तुमची आहे म्हणून पुढें गेलों."

दुरुस्ती दुपारीं पाठविली. आमच्याकडे प्रत्येक बदलाबरोबर त्याचें कारण लिहावयाची पद्धत आहे. चूक काय होती, ती कशानें घडे, आणि ती कोणाची, हें मीं लिहिलें. तरुण सहकाऱ्याच्या बदलाचा तिच्याशीं संबंध नाहीं, असेंहि लिहिलें. संध्याकाळीं मिरजेस फोन करून तें सारें अण्णांना मराठींत वाचून दाखविलें. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें.

"वेळ घातलीस का?"

"वेळ यंत्रच आपोआप घालतें, अण्णा."

"यंत्राची नव्हे," ते म्हणाले. "तुला कळली तेव्हांची."

मीं फोन ठेवला, ती नोंद पुन्हां उघडली, आणि तिच्या खालीं गुरुवारची तारीख घालून पुढें लिहिलें: रात्रीं सव्वाअकरा.